उन्हाच्या देशाचा संकल्प

मी कधीच खोटं बोलत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. म्हणून एवढंच लिहिते, की देवीच्या पुढ्यात, हातात प्रसादाचा द्रोण असताना, अकरा बायकांच्या साक्षीने मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले. तेही इतक्या हळू आवाजात, की शेजारी दुसरी कुणी बसली असती तर निभावून गेलं असतं. शेजारी दीपाताई होत्या.

दीपाताई आमच्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचा मुलगा कॅनडात असतो, त्यामुळे दर शुक्रवारी आरती झाली की कॅनडाचा बर्फ आमच्या बोईसरच्या देवळात पडतो. त्या शुक्रवारी तो गुडघ्यापर्यंत आला होता. तो सगळा उपसून झाल्यावर दीपाताई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो मंगलाताई. डहाणूच्या महालक्ष्मीला जाऊन आलात की झालं तुमचं परदेश."

मी सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार करते. एकादशी, प्रदोष, संकष्टी असतातच. रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय आणि पोथीचं एक पान वाचल्याशिवाय चहा घेत नाही. या सगळ्याच्या वर कुणावर चिडायचं नाही असाही एक नेम आहे, आणि तोच सगळ्यात महाग पडतो. तर तो नेम सांभाळायच्या धडपडीत माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्हीही चाललोय यंदा. पण आम्हाला बर्फ नको बाई. चांगलं ऊन असलेला देश बघतोय. माणसं प्रेमळ हवीत आणि बाईमाणसाला भीती नको."

टाळ खाली ठेवल्याचा आवाज आला. कुठला देश, असं तिघींनी एकदम विचारलं. मी द्रोणातला शिरा तोंडात घातला. तोंडात प्रसाद असताना बोलू नये.

घरी न जाता मी थेट आमची पूजा सांगणाऱ्या गुरुजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. "वहिनी, घडून गेलेल्या गोष्टीबद्दल चुकीचं बोललं तर ते असत्य. पुढे घडायच्या गोष्टीबद्दल बोललं तर तो संकल्प. देवीसमोर बोललात ना? मग संकल्पच धरायचा. आता पुरा करा."

"आणि नाही झाला पुरा तर?"

"तर असत्य," असं म्हणून गुरुजींनी पळी-पंचपात्र उचललं.

म्हणजे आता मला परदेशात जायला हवं होतं, तेही उन्हाच्या, आणि यंदाच. घेतलेला वसा टाकायचा नाही एवढं एकच शिक्षण मला आईकडून मिळालं आहे. देश कुठला ते फक्त ठरायचं होतं, आणि ते काम मी यांच्यावर सोपवलं. ही माझी पहिली चूक.

आमचे हे तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. सत्तावीस वर्षांपूर्वी आम्ही सांगलीकडून इथे आलो, तेव्हापासून हे धोके शोधतात. कंपनीतले शोधून झाले की घरी येऊन घरातले शोधतात. आमच्या देवघराशेजारी आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं आहे. नवीन पाहुणे त्यालाही नमस्कार करतात. मी निरांजन लावते तेव्हा हे ओला टॉवेल घेऊन मागे उभे असतात. पाहुण्यांना वाटतं, काय हा भक्तिभाव.

परदेशाचं ऐकून हे नाही म्हणाले नाहीत. दिवाळीनंतर कंपनीचा शटडाऊन असतो, म्हणजे सगळी यंत्रं बंद ठेवून दुरुस्ती. त्या काळात रजा मागणारा सेफ्टी ऑफिसर म्हणजे लग्नसराईत रजा मागणारा भटजी. पण शटडाऊन संपला की आठ दिवस मिळतील, तेवढ्यात जाऊन यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी, असं म्हणाले. आणि मग म्हणाले, "देश निवडायचा तर रीतसर निवडू."

दुसऱ्या दिवशी ते धोका मूल्यांकनाच्या कोऱ्या फॉर्मची चळत घेऊन आले. कंपनीत बल्ब बदलायचा असला तरी हा फॉर्म भरावा लागतो. एका रकान्यात धोका लिहायचा. तो घडायची शक्यता किती, एक ते पाच. घडला तर परिणाम किती, एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार. सहापर्यंत हिरवा, बारापर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. लाल आला की काम बंद. फॉर्म कंपनीच्या मशीनवर काढले नव्हते, स्टेशनजवळ स्वतःच्या पैशाने झेरॉक्स केले होते, हेही इथे नमूद करते. माणूस प्रामाणिक आहे. त्याचाच त्रास आहे.

पहिला फॉर्म बाली बेटाचा. जेवणानंतर हे टेबलाशी बसले, मी समोर वाती वळत. "ज्वालामुखी. शक्यता तीन, परिणाम पाच. पंधरा, लाल. भूकंप," असं म्हणून त्यांनी पेन उचललं, आणि देवघरातली घंटा आपोआप वाजली. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागले. पंखा घड्याळाच्या लंबकासारखा हलला. हे पेन हवेत धरून थांबले. मग सगळं शांत झाल्यावर म्हणाले, "आपलाच आहे. तीन रिश्टरच्या आतला." आणि बालीच्या भूकंपापुढे चार गुणिले पाच लिहिलं.

पालघर-डहाणूकडे असे धक्के गेली काही वर्षं येतात, त्यामुळे आम्ही आता त्यांना घरचे समजतो. तरी मी म्हटलं, "अहो, पण आत्ताच तर इथे..."

"इथली गोष्ट वेगळी. इथली आपल्याला सवय आहे."

बाली गेलं.

दुबईचं मात्र जवळजवळ जमत आलं होतं. ऊन म्हणाल तर हवं तेवढं, आणि रस्त्यात पडलेलं पाकीट म्हणे संध्याकाळपर्यंत तिथेच असतं. पण तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे आनंदराव आले. आनंदराव अणुकेंद्रातून निवृत्त झाले आहेत. तिथे त्यांचं काम काय होतं, हे ते कुणाला सांगत नाहीत. गुप्ततेची शपथ आहे म्हणतात. आमच्याकडे भाजी घेऊन येणारी मैनाबाई म्हणते, ते कॅन्टीनच्या कोठारावर होते. काही असो, जगातल्या कोणत्याही देशाबद्दल आनंदरावांना आतली माहिती असते.

"वहिनी, दिवाळीनंतर जाणार ना? बरोबर अनारसे न्याल."

"नेईन की. आठवड्याचे चार दिवस बाहेरचं चालत नाही मला."

"झालं मग. अनारशाला खसखस असते. तिथे खसखस म्हणजे अफूचा गुन्हा. विमानतळावरून सरळ आत."

यांनी फोनवर पाहिलं तर ते खरंच निघालं. ज्या हातांनी मी सत्तावीस वर्षं अनारसे थापले ते हात बेड्यांत, असे मी डोळ्यांपुढे आणून पाहिले. मी म्हटलं, लाडू नेते. हे म्हणाले, घरात सत्तावीस वर्षं खसखस आहे, पिशवीच्या शिवणीत एक दाणा राहिला तर? शक्यता दोन, परिणाम पाच. दहा. नुसता पिवळा होता, पण पुढे त्यांनी "पत्नी तुरुंगात असताना जेवणाची सोय" असा आणखी एक धोका लिहिला, आणि तो पंचवीसवर गेला.

श्रीलंकेबद्दल आनंदराव एवढंच म्हणाले, "तो देश आपल्या बायकांना लाभत नाही." मी सीतामाईला मनात नमस्कार केला. हे गंभीरपणे फॉर्मवर लिहीत होते, "अपहरण: पूर्वी एक घटना." मी म्हटलं, अहो, त्याला युगं लोटली. तर म्हणाले, अपघाताच्या नोंदी कधी जुन्या होत नाहीत.

मालदीवमध्ये खोल्या पाण्यावर बांधतात हे समजल्यावर यांनी पहिला प्रश्न केला, वायरिंग कुठून नेतात. थायलंडच्या बाबतीत एक चमत्कार झाला. कॉलनीतल्या सगळ्या पुरुषांनी, एकमेकांशी बोलणं सोडलेल्यांनीसुद्धा, तो देश अतिशय सुरक्षित असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. यांचा फॉर्म पाच मिनिटांत भरून झाला आणि तोही पूर्ण हिरवा. तो मी यांच्यादेखत घडी घालून धान्याच्या डब्याखाली ठेवला. काही धोके रकान्यात येत नाहीत.

मैनाबाईने तर मुळावरच घाव घातला. ती एमआयडीसीच्या शेजारच्या कुंभवलीची. टोपली उतरवून दारात बसली आणि म्हणाली, "बाय, ऊन पाहाला इवढ्या लांब जाताव? माज्या ओट्यावर येऊन बस की. फुकट हाय."

"तसं नाही गं मैनाबाई. संकल्प आहे."

"असंल. पन जाल तिथला नाला बघा आधी. पानी तांबडं हाय का हिरवं हाय ते. आमी सोयरीक करताना पन तेच बघताव."

जगातल्या सगळ्या पर्यटन कंपन्यांच्या पुस्तिका मी त्या महिन्यात चाळल्या. इतकं कामाचं वाक्य मला एकीतही सापडलं नाही.

देश ठरत नव्हता तोवर पासपोर्ट तरी काढू म्हटलं. यांचा होता, कंपनी एकदा यांना जर्मनीला पाठवणार होती, मग दुसऱ्याला पाठवलं. माझा काढायचा तर जन्मतारीख हवी. माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे. आमच्या गावच्या शाळेत मास्तर ज्याची तारीख माहीत नसेल त्याला एक जून द्यायचे, त्यामुळे आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला; गावच्या सुईणीला त्या दिवशी जेवायला तरी वेळ मिळाला का, देव जाणे. आधार कार्डावर एक जानेवारी आहे. आणि माझी आई सांगायची ती चैत्र वद्य पंचमी.

पासपोर्टच्या खिडकीवरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "मॅडम, यातली खरी कुठली?"

मी खरं सांगितलं. "दोन्ही नाहीत. चैत्र वद्य पंचमी."

तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं. कॉम्प्युटरने तिच्याकडे पाहिलं. "ते यात बसत नाही हो."

"दरवर्षी बसते," मी म्हटलं. पण मागे रांग होती.

आधारवर एक जून करून आणा, असं ठरलं. त्यासाठी तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला यंत्र बंद. दुसऱ्या खेपेला यंत्र सुरू पण माझे ठसे उमटेनात. तिथला माणूस म्हणाला, काकू, बोटांच्या रेषाच गेल्यात, काय काम करता? मी म्हटलं, वाती वळते. त्याने मला ग्लिसरीन लावून चार दिवसांनी यायला सांगितलं. ते चार दिवस वाती वळणं बंद, म्हणून देवाला नुसतं फूल वाहिलं आणि दिवा मनातल्या मनात दाखवला. देव समजूतदार आहे. त्याला ओळखपत्र लागत नाही.

मग पोलीस चौकशी. सोमवारी सकाळी, मी अभिषेक करत असताना हवालदार आले. मी मौनात होते, त्यामुळे त्यांच्या प्रश्नांना मान हलवून उत्तरं देत राहिले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शेजाऱ्यांची साक्ष घ्यायला आनंदरावांकडे गेले. जिन्यातून सगळं ऐकू येत होतं.

"बाई कशा आहेत?"

"फार शांत हो. सत्तावीस वर्षांत आवाज ऐकला नाही."

"मग करतात काय दिवसभर?"

"तेच तर कळत नाही," आनंदराव म्हणाले.

हवालदार परत वर आले. तोवर माझं मौन सुटलं होतं. त्यांनी आमच्या देवघराशेजारचं लाल नळकांडं बराच वेळ निरखलं, चहा घेतला, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "ताई, पासपोर्ट मिळेल. पण एक सांगतो, परदेशात काही झालं तर पोलिसांकडे जाऊ नका. नसती चौकशी मागे लागते."

पासपोर्ट आला तेव्हा शटडाऊन संपायला बारा दिवस राहिले होते. फोटोत मी एखादा गुन्हा कबूल करायला आल्यासारखी दिसत होते. तरी मी तो देवीच्या पायांशी ठेवला. त्या शुक्रवारी दीपाताईंनी टाळ वाजवता वाजवता विचारलं, "ठरला का देश? की अजून ऊन बघताय?" अकराजणी हसल्या. मीही हसले. नेम आहे.

शेवटी आम्ही मेहुलभाईंकडे गेलो. स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांचं सहलींचं ऑफिस आहे. चेहऱ्यावर कायम नुकतंच विमानातून उतरल्याचा थकवा. मी माझी यादी वाचली: ऊन, चांगली माणसं, भीती नाही, कांदा-लसणाशिवाय जेवण, जवळ शंकराचं देऊळ. आणि शेवटी, "त्या आठवड्यात संकष्टी आहे. तिथे चंद्र किती वाजता उगवतो?"

मेहुलभाईंनी चष्मा काढला. "भाभी, लोग पूल पूछते हैं, बुफे पूछते हैं. चांद पहली बार कोई पूछता है." पण माणूस धंद्याचा पक्का. वहीत "चांद - कन्फर्म करना" असं लिहून घेतलं, आणि थोडा विचार करून म्हणाले, "मॉरिशस जाओ. धूप है, शिवजी का मंदिर है, तळाव आहे. और आपके मराठी लोग भी हैं, दोसो साल पहले के गये हुए. बिना कांदा बोलोगे तो समजतील."

मी पर्स घट्ट धरली. देवी पावली असं वाटलं. यांनी खिशातून फॉर्म काढला.

घरी येऊन दोन दिवस मॉरिशसची तपासणी चालली. वादळांचा मोसम अजून यायचा होता, म्हणून तिथे हिरवा. माणसं, हिरवा. अन्न, हिरवा. तिसऱ्या संध्याकाळी यांनी शेवटचा धोका लिहिला: समुद्र. "चारही बाजूंनी आहे. शक्यता पाच. बुडणं, परिणाम पाच. पंचवीस." चष्मा पुसला, अठरा फॉर्म एकावर एक रचले, त्यांना टाचणी मारली आणि फार दुःखाने म्हणाले, "मंगला, मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण पर्यटनाला जगात एकही सुरक्षित देश नाही. आपण घरीच राहू."

आठ दिवस राहिले होते. मी साबुदाणा भिजत घातला. उद्या एकादशी होती.

एकादशीला माझी दुपार मोकळी असते, स्वयंपाक नसतो. टेबलावर एक कोरा फॉर्म उरला होता. सत्तावीस वर्षं हे माझ्यासमोर बसून फॉर्म भरतात, मला तो आरतीसारखा पाठ आहे. मी हात धुतले, वर श्री लिहिलं, आणि "ठिकाण" या रकान्यात लिहिलं: आपलं घर, बोईसर.

मग एकेक धोका. भूकंप: शक्यता पाच, कारण गेल्याच महिन्यात दोनदा पेले हलले, परिणाम पाच, कारण बालीला यांनी तोच दिला होता, आणि मी पक्षपात करत नाही. रात्री कंपन्यांकडून येणारा वास: शक्यता पाच, परिणामाचा अंदाज आला नाही, म्हणून मैनाबाईला विचारून चार लिहिला. ॲसिडचे टँकर: पाच, पाच. अणुकेंद्राचा सायरन: शक्यता पाच, आणि सराव कुठला नि खरा कुठला ते कुणालाच कळत नाही म्हणून परिणाम पाच. समुद्र, चिंचणीला, वीस मिनिटांवर. भर रस्त्यात बसलेले बैल. खड्डे. आणि शेवटी "इतर" या सदरात, आनंदराव. फॉर्म खाली जाता जाता कुंकवाच्या डबीसारखा लाल झाला.

संध्याकाळी हे आले. मी चहाबरोबर फॉर्म पुढे ठेवला. त्यांनी आधी सवयीने सही करायला पेन काढलं, मग वाचायला लागले. एकदा वाचला. गुणाकार तपासले. बरोबर होते.

"टँकरची शक्यता पाच नाही. चार धर."

"या महिन्यात दोन उलटले," मी हळूच म्हटलं. "तुम्हीच जेवताना सांगितलंत."

"वासाची आपल्याला सवय आहे, मंगला."

"मागे छापलंय बघा. सूचना सहा."

त्यांनी फॉर्म उलटला. सूचना सहा अशी आहे: सवय हा सुरक्षेचा उपाय धरू नये. सूचना यांनीच लिहिली होती, नऊ वर्षांपूर्वी, आणि त्याबद्दल कंपनीने यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते घड्याळ टिकटिक करत होतं.

फॉर्मच्या तळाला ठळक अक्षरात छापलेलं आहे: "लाल असल्यास काम तत्काळ थांबवावे व सर्व व्यक्तींना अन्यत्र हलवावे." माझ्या नवऱ्याने सत्तावीस वर्षांत एकाही लाल फॉर्मकडे दुर्लक्ष केलेलं नाही. एकदा तर मालकाच्या मुलीच्या लग्नाचा मांडव यांनी थांबवला होता. चहा गार झाला. मग हे म्हणाले, "यातून मॉरिशसला गेलो तर धोका एकाच बाबतीत राहतो. समुद्र."

"पाण्यात मी कशाला उतरू? मला फक्त ऊन हवंय."

त्यांनी खाली सही केली, तारीख घातली, पायात चपला सरकवल्या आणि मेहुलभाई ऑफिस बंद करायच्या आत पोचायचं म्हणून पळत गेले.

शुक्रवारी मी मंडळात मॉरिशस असं सांगितलं. दीपाताई लगेच म्हणाल्या, "अगंबाई, तिथे तर सगळे आपलेच लोक. म्हणजे परदेश असा नाहीच तो." मी प्रसाद घेतला. चिडले नाही. तिकिटं पर्समध्ये होती.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर उन्हाच्या त्या देशात आम्ही उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. मोसम नसताना. दुसऱ्या दिवशीही पडत होता. हॉटेलातली माणसं इतकी ओशाळली होती की पाऊस त्यांनीच सोडला आहे असं वाटावं. संकष्टीला ढगांमुळे चंद्र दिसेना, तर आचारी स्वतः छत्री घेऊन अंगणात उभा राहिला, आणि ढगाला जरा फट पडली तशी आत धावत येऊन म्हणाला, मदाम, मून. मेहुलभाईंनी सांगितलेल्या वेळेत फक्त अठरा मिनिटांचा फरक होता. यांनी लाइफ जॅकेट घालून किनाऱ्यावर, पाण्यापासून चाळीस पावलांवर, खुर्ची टाकली होती. चौथ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. मी गच्चीत उभी राहून पाठीवर ते घेतलं, आणि मनात देवीला म्हटलं, झालं गं बाई, असत्य नव्हतं ते.

त्याच दिवशी तळ्याकाठच्या शंकराच्या देवळात गेलो. पिंडीवर पाणी घातलं आणि टेकलो, तर शेजारी सत्तरीच्या एक बाई येऊन बसल्या. नाव साखरबाई. आपल्याकडे संपत आलेलं नाव तिथे खुशाल हिंडत होतं. बरोबर मुलगा, सून आणि बरीच नातवंडं. साखरबाई शाळेत शिकलेलं मराठी बोलत, एकेक शब्द तांदळासारखा निवडून.

"तुम्ही भारतातून आलात. मला मरायच्या आधी भारत बघायचा आहे. पण माझा मुलगा म्हणतो, तो देश फिरायला सुरक्षित नाही. तो रोज फोनवर बघतो." मुलाने मान डोलवली. "तुमचं गाव कसं आहे? सुरक्षित आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत हे पुढे सरसावले. इतके आवेशाने बोलताना मी यांना सत्तावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "कुणी सांगितलं? एकदम सुरक्षित. काही धोका नाही. वास येतो, पण तो रात्रीचाच. भूकंप येतात, पण ते छोटे. आता अणुकेंद्राचा सायरन वाजला तर घाबरायचं नाही, बहुतेक वेळा सराव असतो. टँकरचं म्हणाल तर वाऱ्याच्या उलट दिशेने पळायचं, बस्स. सत्तावीस वर्षं राहतोय आम्ही. बघा, काही झालंय?"

लाइफ जॅकेट अजून अंगावर होतं. साखरबाईंचा मुलगा त्याच्याकडे बघत होता. सुनेने धाकट्या नातवाला जवळ ओढून घेतलं.

साखरबाईंनी यांचं सगळं शांतपणे ऐकलं आणि माझा हात धरला. "तू सांग, बाई. तू देवासमोर बसली आहेस."

समोर पिंडी होती. अभिषेकपात्रातून एकेक थेंब पडत होता. देवासमोर बोललेलं किती महाग पडतं हे मला आता माहीत होतं. मी शोधून शोधून, ज्याची पूर्ण खात्री आहे तेवढंच बोलले. "ऊन भरपूर आहे. आणि उतरायचं माझ्याकडेच."

साखरबाईंचा चेहरा फुलला. त्या मुलाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मुलाने नको नको म्हटलं, सुनेनेही म्हटलं, पण साखरबाईंचा आवाज माझ्यासारखाच हळू होता आणि त्या शेवटी तिकिटं काढ म्हणून मुलाच्या हातात फोन देऊन थांबल्या. मे महिना ठरला. नऊ माणसं.

आम्ही बसने परत निघालो. दोन्ही बाजूंना ऊस डोलत होता. हे घसा साफ करून म्हणाले, "नऊजण, आठ दिवस. त्यात लहान मुलं. त्यांना तिकडे दाखवायला न्यायचं कुठे?"

"ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं. "सुरक्षित जागा बघून."

यांनी पेन काढलं आणि बसच्या तिकिटाच्या पाठीवर रकाने आखायला घेतले.